गाडी चालवताना मोबाइल : चलनातला फोटो, सीडीआर (फोन कंपनीकडची कॉलची नोंद) आणि कोर्ट (नाशिक)

गंगापूररोडकर

मोबाइलच्या चलनांवर इथे बऱ्याच धाग्यांत अर्धवट चर्चा झाली आहे. कुणी म्हणतं फोटोत फोन दिसला नाही तर चलन रद्द, कुणी म्हणतं होल्डरला लावलेल्या फोनलाही दंड, कुणी म्हणतं कोर्टात गेलं की सुटतोच माणूस. अशोक स्तंभावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात फोन असलेले किती जातात ते दिसतं. त्यामुळे कारवाई होऊ नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण ती ज्या पुराव्यावर उभी राहते तो कसा असावा लागतो आणि कुठे मोडतो, हे जाणकारांनी एकदा नीट मांडावं. किस्से नकोत. कलम, कागद आणि मुदती लिहा.

कलम_कागद

मुळापासून सुरू करतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४, धोकादायक वाहन चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीने (१ सप्टेंबर २०१९ पासून लागू) या कलमाला स्पष्टीकरण जोडलं आणि त्यात 'वाहन चालवताना हातात धरण्याच्या संपर्क साधनाचा वापर' हे कृत्यच धोकादायक ठरवलं. पूर्वी सरकार पक्षाला वाहन धोकादायक रीतीने चालवलं जात होतं हे वेगळं दाखवावं लागे. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, नुसतं फोनवर बोलत गाडी चालवणं हा त्यांच्या पोलीस कायद्याखाली आपोआप गुन्हा होत नाही, असं म्हटलं होतं. तो निकाल आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. २०१९ नंतरच्या कलम १८४ च्या प्रकरणात त्यावर विसंबून राहू नका.

आता शाबीत काय करायचं? तीन गोष्टी: तुम्ही चालवत होता, साधन हातातलं होतं, आणि त्याचा वापर चालू होता. या तीनपैकी एकाचीही व्याख्या कायद्यात नाही, आणि बहुतेक वाद तिथेच होतात.

होल्डरचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमदुरुस्तीत सांगितलंय की असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे डॅशबोर्डवर नकाशा चालू असेल तर हरकत नाही. त्याच होल्डरमधल्या फोनवर मेसेज टाईप करत असाल तर 'नकाशा बघत होतो' हा बचाव टिकणं कठीण. ब्लूटूथवर बोलताना साधन हातात नसतं, म्हणून या स्पष्टीकरणात ते सरळ बसत नाही. मात्र लक्ष नसल्यामुळे गाडी वेडीवाकडी गेली तर कलम १८४ चा बाकीचा भाग आहेच.

लाल सिग्नलला थांबून फोन बघणं. 'थांबलो होतो, चालवत नव्हतो' हा युक्तिवाद मला कमकुवत वाटतो. इंजिन चालू, माणूस स्टिअरिंगवर, गाडी वाहतुकीच्या रांगेत. हे चालवणंच आहे. गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून उभी असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते फोटोत दिसायला हवं.

'वापर' हा शब्द किती निसटता आहे याचं एक बाहेरचं उदाहरण. इंग्लंडमध्ये २०१९ साली फोनवर चित्रीकरण करणाऱ्या चालकाला उच्च न्यायालयाने सोडलं, कारण तिथला कायदा संवादासाठीच्या वापराबद्दल बोलत होता. मार्च २०२२ मध्ये त्यांनी नियमच बदलून हातातल्या फोनचा जवळपास सगळाच वापर गुन्हा केला. आपल्या कलमातही 'संपर्क साधन' हे शब्द आहेत, पण साधन कशासाठी वापरलं याची अट नाही. त्यामुळे 'बोलत नव्हतो, गाणं बदलत होतो' म्हणून इथे सुटका होईल असं धरून चालू नका.

निमाणी

एवढं सगळं करण्यापेक्षा दंड भरून मोकळं व्हावं हे बरं नाही का? दुचाकीला हजार रुपये. कोर्टाच्या दोन खेपांतच तेवढे जातात.

कलम_कागद

@निमाणी, 'भरून मोकळं' हा गैरसमज आधी काढून टाका.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासूनची तडजोड रक्कम (जी भरली की प्रकरण कोर्टात न जाता मिटतं) दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये आहे. कलम १८४ मधली बाकीची कृत्यं, म्हणजे सिग्नल तोडणं, उलट दिशेने जाणं, ही कलम २०० खाली तडजोडीत येत नाहीत; फक्त मोबाइलचा भाग येतो. म्हणून तो रस्त्यावर किंवा ॲपवर भरता येतो. पण त्याच कलम २०० मध्ये लिहिलंय की तडजोड केली तरी तो गुन्हा 'आधी केलेला गुन्हा' म्हणून मोजला जाईल. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा झाला तर दहा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पहिल्या वेळीसुद्धा कलमात सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड आहे. म्हणजे चुकीचं चलन 'कटकट नको' म्हणून भरणारा माणूस पुढच्या तीन वर्षांसाठी स्वतःच्या नावावर पहिला गुन्हा लावून घेतो.

चलन बरोबर असेल तर मात्र भरा. त्यात लढण्यासारखं काही नाही.

पेठरोड

लायसन्सचा भाग मी लिहितो, कारण तो कुणी सांगत नाही.

कलम २०६(४) प्रमाणे कलम १८४ चा गुन्हा झाला असं मानण्यास कारण असेल तर पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे, आपल्याकडे पेठ रोडच्या आरटीओकडे, पाठवतात. तेव्हा पोचपावती मिळते. ही पोचपावती गाडी चालवायला चालत नाही. कागदपत्रं इतर कारणाने जप्त झाल्यावर जी तात्पुरती पावती देतात तिच्यावर चालवता येतं, त्यामुळे लोक दोन्हींची गल्लत करतात आणि विनापरवाना चालवण्याचा दुसरा गुन्हा ओढवून घेतात.

पुढे कलम १९(१क). पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. पण हे आपोआप होत नाही. प्राधिकाऱ्याने म्हणणं ऐकून घेण्याची संधी द्यायला हवी आणि आदेशात सविस्तर कारणं लिहायला हवीत. नोटीस आली की लेखी म्हणणं द्या, त्याची आवक शिक्का मारलेली प्रत ठेवा. आदेश विरोधात गेला तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील. ही मुदत चुकवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्येही चालवताना मोबाइल वापरणं हे अपात्रतेच्या कारणांत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ पासूनच अशा प्रकरणांत किमान तीन महिने निलंबनाचा आग्रह धरलेला आहे.

दंड भरल्याने ही कार्यवाही थांबत नाही, तेही कलम २०० मध्येच आहे. ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांच्यासाठी हजार रुपयांपेक्षा हे तीन महिने जड जातात.

हॅशव्हॅल्यू

फोटोकडे येतो. पहिला प्रश्न विचारा: हा फोटो कशाने काढला? उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

खांबावरचा कॅमेरा, बॉडी कॅमेरा, पोलीस गाडीतला डॅशकॅम, नंबरपाटी वाचणारा कॅमेरा असेल तर केंद्रीय नियम १६७क लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांतल्या महत्त्वाच्या चौकांत अशी साधनं बसवण्याबद्दल तो बोलतो. नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १४ लाख ८६ हजार होती. या नियमाप्रमाणे साधनाला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. देखरेखीच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. चलनासोबत गुन्हा आणि नंबरपाटी दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख-वेळ-ठिकाण, कोणतं कलम मोडलं त्याची नोटीस आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सहीचं प्रमाणपत्र हवं. नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायची, आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवायची.

पोलिसाच्या हातातलं ई-चलन यंत्र या यादीत नावाने नाही, तेव्हा १६७क मधली प्रत्येक अट तिथे जशीच्या तशी मागता येईल असं समजू नका. पण खासगी मोबाइलवर फोटो काढून मग यंत्रात चढवायचा, याला महाराष्ट्रात जुलै २०२५ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. कारण तांत्रिक आहे. खासगी फोनमधून दुसरीकडे जाताना फोटो दाबला जातो, त्याची मूळ माहिती (वेळ, यंत्राचं मॉडेल, ठिकाण) गळते, आणि चलनावर छापलेली वेळ ही फोटो चढवल्याची असते, काढल्याची नसते. दोन वेळांत अर्धा तास फरक निघाला तर त्या अर्ध्या तासात गाडी कुठे होती हा प्रश्न उभा राहतो.

फोटोत काय बघायचं:

पाटी आधी. यंत्र ८ आणि बी, ० आणि डी, १ आणि ७ यांत चुकतं. एमएच-१५ नंतरची अक्षरं एकेक करून जुळवा. मग गाडीचा रंग, मॉडेल, आरशाचा आकार, बंपरवरचं स्टिकर. हे जुळत नसेल तर वाचनाची चूक आहे किंवा कुणीतरी तुमच्या नंबरची पाटी लावून फिरतोय. दुसरी शक्यता असेल तर चलनाच्या हरकतीवर थांबू नका, पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या.

मग हात. कानाजवळचा हात म्हणजे फोन नव्हे. बोटांच्या मध्ये आयताकृती कड, पडद्याचा उजेड किंवा कॅमेऱ्याचं भिंग दिसतं का? हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन बाजूने काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतो, मागून काढलेल्यात अजिबात नाही. चारचाकीत काचेवरचं प्रतिबिंब घोळ करतं. दुपारच्या उन्हात झाडाच्या फांदीची सावलीही काळ्या आयतासारखी दिसते. एकच फोटो असेल तर शंका जास्त. पाठोपाठचे तीन-चार फोटो किंवा दहा सेकंदांचं चित्रीकरण असेल तर वाद जवळपास संपतो. कारवाई करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. पाटी, चेहरा आणि हात एका चौकटीत घेतलेला एक चांगला व्हिडिओ दहा चलनं वाचवतो.

ठिकाण. नुसतं 'द्वारका' किंवा 'मुंबई नाका' लिहिलेलं असतं. उड्डाणपुलावर की खाली, कोणत्या दिशेची मार्गिका, हे हवं.

कलम_कागद

प्रमाणपत्राबद्दल भर घालतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिलाय. भाग अ साधन ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत त्या फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेली खूण, फाइल जराही बदलली की ती बदलते) आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं ते लिहायचं. नियम १६७क मध्ये अजून ६५ब चा उल्लेख आहे, तो नव्या कलमाला लागू धरायचा.

हे प्रमाणपत्र औपचारिकता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अनवर प्रकरणात आणि नंतर २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल प्रकरणात (आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा वाद) सांगितलं की मूळ साधनच कोर्टात आणलं नसेल तर प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण त्याच निकालात असंही आहे की खटला संपण्याआधी कोर्ट ते सादर करायची मुभा देऊ शकतं. त्यामुळे 'प्रमाणपत्र नाही, सुटलो' असं पहिल्या तारखेला जाहीर करू नका. हरकत नोंदवा, ती रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) येईल हे बघा.

आणि फोटो पूर्ण बाद झाला तरी पोलिसाची साक्ष उरते. 'मी स्वतः पाहिलं' हा थेट पुरावा आहे. उलटतपासणीत अंतर, कोन, उजेड, गाडीचा वेग, काचेची फिल्म आणि किती सेकंद पाहिलं हे विचारायचं. साक्षीदार नीट उभा राहिला तर फोटोशिवायही शिक्षा होऊ शकते.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

गाडीमालकांसाठी. चलन मालकाच्या नावावर येतं, गुन्हा चालकाचा असतो. मालकाने चालकाचं नाव दिलं की त्याचा संबंध संपला. बरोबर ना?

कलम_कागद

अर्धं बरोबर. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी मागितल्यावर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. मुद्दाम दडवली किंवा खोटी दिली तर कलम १७९(२): एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन हजार दंड. 'ऑफिसातल्या कुणाचंही लायसन्स देऊन टाकू' हा प्रकार म्हणूनच महागात पडतो. शिवाय ज्याचं नाव दिलं त्याच्या नावावर पहिला गुन्हा चढतो, हे त्या माणसालाही कळलं पाहिजे.

ट्रान्सपोर्टवाल्यांनी रोजची ड्यूटी नोंद ठेवावी: गाडी क्रमांक, चालक, सुटण्याची आणि परतीची वेळ, किलोमीटर, चालकाची सही. कोऱ्या पानांवर नंतर भरलेली वही दोन प्रश्नांत उघडी पडते. जीपीएसचा अहवाल देणार असाल तर तोही इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे, कलम ६३ त्यालाही लागू.

निमाणी

रस्त्यावर पोलीस फोन अनलॉक करून कॉल यादी दाखवा म्हणाले तर? आणि गाडीची चावी काढून घेतात त्याचं काय?

कलम_कागद

कलम १३० खाली लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं दाखवणं भाग आहे. ती डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून दाखवली तरी चालतात. फोन उघडून दाखवण्याची सक्ती या कायद्यात नाही. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवण्याची कारणं वेगळी आहेत (नोंदणी नसणं, परवाना नसणं वगैरे), मोबाइल त्यात नाही. चावी काढून घेण्याचा अधिकार देणारी तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही.

शांतपणे 'दाखवणार नाही' म्हणता येतं. स्वतःहून यादी दाखवून फायदाही होऊ शकतो, पण एक ध्यानात घ्या: कॉल यादी रिकामी असली तरी वापर नव्हता हे शाबीत होत नाही, आणि मिनिटभरापूर्वीचा कॉल दिसला तर तो तुमच्या विरोधात जातो.

अपघाताच्या तपासात फोन मुद्देमाल म्हणून जप्त होऊ शकतो, तो भाग वेगळा. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) च्या आधारे वाद आहे आणि न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत.

हॅशव्हॅल्यू

अपघाताचा विषय निघालाच आहे तर सीडीआर. इथे प्रश्न हजार रुपयांचा उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फोन चालू होता का, हा तपासाचा कणा होतो.

सीडीआरमध्ये समोरचा क्रमांक, कॉल सुरू झाल्याची वेळ, किती सेकंद चालला, आयएमईआय (हँडसेटचा क्रमांक), आयएमएसआय (सिमचा क्रमांक), पहिला आणि शेवटचा सेल टॉवर असतो. कॉल ११:४२:१० ला सुरू, १९५ सेकंद, पहिला टॉवर पाथर्डी फाट्याजवळचा आणि शेवटचा विल्होळीकडचा, अशी नोंद आली तर फोन हलत होता हे दिसतं. पण त्यातून तीन गोष्टी कळत नाहीत: फोन कुणाच्या हातात होता, ब्लूटूथवर होता की कानाला, आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल. इंटरनेटवरचा कॉल सीडीआरमध्ये येतच नाही. आलेल्या एसएमएसची नोंद असते, पण तो वाचला का ते नाही. त्यामुळे 'सीडीआर स्वच्छ आहे' हे बचावाला पुरत नाही आणि 'सीडीआरमध्ये कॉल आहे' हे सरकार पक्षाला पुरत नाही.

उरलेलं फोनच्या आत सापडतं: पडदा कधी उघडला, कोणतं ॲप समोर होतं, ब्लूटूथ गाडीला कधी जोडलं. ते काढायचं तर जप्तीच नीट व्हायला हवी. फोन चालू असेल तर फ्लाइट मोडवर टाकून किंवा लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवून सील करायचा, नाहीतर दुरून सगळं पुसता येतं. पंचनाम्यात मॉडेल, दोन्ही आयएमईआय, सिम, पडद्याची अवस्था आणि फोन गाडीत नेमका कुठे मिळाला हे लिहायचं. पायाखाली मिळालेला आणि होल्डरला अडकलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ ने बंधनकारक आहे. 'चेक करायला' म्हणून ठाण्यात कुणी फोन उघडून चाळला तर आतल्या नोंदींच्या वेळा बदलतात, आणि मग नाशिकची न्यायसहायक प्रयोगशाळाही त्याचं काही करू शकत नाही.

सीडीआर दोन वर्षं जपायचं बंधन दूरसंचार कंपन्यांवर आहे. सीसीटीव्ही मात्र तितकं थांबत नाही.

गंगापूररोडकर

उत्तम. आता हरकत घ्यायची तर नाशिकमध्ये क्रम काय?

कलम_कागद

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडी क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकून चलन आणि फोटो त्याच दिवशी उतरवून घ्या. स्क्रीनशॉट पुरेसा नाही, फाइल घ्या. कलम नीट वाचा. कलम १८४ आहे की फक्त दंडाचं दुसरं कलम, यावर पुढची मुदत ठरते: वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे एक वर्ष, फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने. उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे, म्हणून मुदत टळली की चलन आपोआप मेलं असं नाही.

मग महाट्रॅफिक ॲपवर तक्रार, आणि शहर हद्दीतलं असेल तर वाहतूक शाखेला लेखी अर्ज. ओझर, सिन्नर, घोटीकडचं असेल तर ग्रामीण पोलीस. हद्द चुकली की अर्ज महिनाभर फिरतो. अर्ज एक पानाचा. चलन क्रमांक, नेमकी हरकत (पाटी जुळत नाही / हातात फोन दिसत नाही / त्या वेळी गाडी दुसरीकडे), जोडलेले पुरावे, शेवटी 'मूळ फोटो किंवा चित्रीकरण, साधनाचं मान्यता प्रमाणपत्र आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र निकालापर्यंत जपून ठेवावं' ही विनंती. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. हीच कागदपत्रं माहिती अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून मागता येतात. उत्तराची मुदत तीस दिवस.

ऐकलं नाही तर दंड न भरता न्यायालयाचं समन्स येऊ द्या. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात मॅजिस्ट्रेटसमोर 'गुन्हा कबूल आहे का' विचारतील. नाकबूल म्हणायचं असेल तर तिथेच, स्पष्ट. गर्दीच्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांसोबत कबूल म्हणून बाहेर आलात तर मागे वळणं फार अवघड असतं.

राष्ट्रीय लोक अदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण तिथे फोटो खरा की खोटा याचा निवाडा होत नाही आणि निवाड्यावर अपील नाही. चलन चुकीचं असेल तर ती जागा तुमची नव्हे.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

डॅशकॅमवाल्यांसाठी. कार्ड भरलं की जुन्यावर नवीन चढतं. घटना झाली की कार्ड काढून बाजूला ठेवा, नवीन घाला. फाइल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सअ‍ॅपने पाठवू नका. पूर्ण फोल्डर तसाच्या तसा दुसरीकडे उतरवून हॅश काढून ठेवा. एसएचए-२५६ ने काढलात तर ६४ चिन्हांची ओळ येते, ती तारखेसह लिहून ठेवा.

पेठरोड

आणि ज्यांना दुसऱ्याच्या फोनमुळे मार बसला त्यांच्यासाठीही लिहायला हवं. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. नातेवाइकांनी पहिल्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याला लेखी द्यावं की चालकाचा सीडीआर, इंटरनेट वापराची नोंद आणि फोन मिळवा. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

जवळच्या दुकानाचं, पंपाचं, सोसायटीचं सीसीटीव्ही बहुतेक आठवडा ते महिनाभरच टिकतं, त्यामुळे पोलिसांना ठिकाणांची यादी हातात द्या.

हॅशव्हॅल्यू

त्या सीसीटीव्हीच्या बाबतीत एकच. डीव्हीआरचं (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ क्वचितच बरोबर असतं. सात-आठ मिनिटं मागे-पुढे सहज असतं. चित्रीकरण घेताना डीव्हीआरचा पडदा आणि नेटवर्कची वेळ दाखवणारा फोन एका चौकटीत घेऊन फोटो काढायचा आणि फरक पंचनाम्यात सेकंदांसह लिहायचा. तो फरक लिहिला नाही तर सीडीआरमधला १९५ सेकंदांचा कॉल अपघाताच्या आधीचा की नंतरचा, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.